फिट यावी म्हणून पाच दिवस : जोडीदाराला व्हिडिओ ईईजीसाठी अॅडमिट करताना

लग्नाला अकरा वर्षं झाली. ती सगळी हिला फिट येऊ नये म्हणून जपण्यात गेली. झोप मोडायची नाही, गोळी चुकवायची नाही, नवरात्राचे उपास नाहीत. आणि गेल्या हिवाळ्यात नाशकातल्याच एका हॉस्पिटलमध्ये पाच दिवस मी तिच्या उशाशी बसलो होतो, तो फिट यावी म्हणून. डोकं असं उलटं फिरवायला मला दोन दिवस लागले. तुमचे ते दोन दिवस वाचावेत म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. औषधांचं जे काही असेल ते तुमच्या न्यूरोलॉजिस्टना विचारूनच करा.

आधी हे कशासाठी ते समजून घ्या

ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेला मेंदूतल्या विजेचा आलेख. साधा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो. तेवढा वेळ मेंदू शहाण्यासारखा वागला की रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि घरी येताना रिक्षातच फिट येते. आमच्या फाइलला असे तीन नॉर्मल ईईजी होते. एका नातेवाइकांनी त्यावरून 'मग हिला काही नाहीच की' असा निकालही देऊन टाकला होता. ईईजी नॉर्मल आला म्हणजे एपिलेप्सी (फेफरं) नाही, असं होत नाही.

व्हिडिओ ईईजीत डोक्याला वीस-पंचवीस तारा चिकटवतात आणि समोर कॅमेरा लावतात. हे चोवीस तास चालू असतं, साधारण तीन ते सात दिवस. शरीर काय करतंय आणि त्याच सेकंदाला मेंदूत काय चाललंय, हे एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसतं. दोन औषधं योग्य डोसमध्ये देऊनही फिट थांबत नसतील, तर डॉक्टर बहुतेक हे सुचवतात. एपिलेप्सी असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचं असं होतं, त्यामुळे आपल्याच नशिबी हे का, असं वाटून घेऊ नका. उत्तर तीन गोष्टींचं हवं असतं: ही खरंच एपिलेप्सी आहे का, असली तर कुठल्या प्रकारची, आणि फिट मेंदूच्या एकाच जागेतून निघत असेल तर ऑपरेशनचा विचार करता येईल का.

फिट पकडायची म्हणून तिथे गोळ्या हळूहळू कमी करतात, कधी बंदही करतात. सलाइनची सुई हाताला लावून ठेवतात, म्हणजे वेळ आली तर इंजेक्शन लगेच देता येतं. हे धाडस फक्त तिथेच करायचं. 'आठवड्यावर अॅडमिशन आलंय, घरापासूनच एक गोळी कमी करू, लवकर सुटू' असा विचार माझ्याही मनात आला होता. डॉक्टरांना बोलून दाखवला आणि चांगली बोलणी खाल्ली.

अॅडमिट होण्याआधीचा आठवडा

एका वहीत गेल्या वर्षभराच्या फिट लिहून काढा. तारीख, वेळ, झोपेत की जागेपणी, आधी काय झालं, किती वेळ. हिच्या दोन तऱ्हा होत्या: एक नुसतं गप्प होऊन बघत राहण्याची, आणि एक मोठी, पडण्याची. कुठली नेहमीची आणि कुठली क्वचितची, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नेहमीची सापडली तरच अॅडमिशनचा उपयोग. मोबाइलवर फिटचा व्हिडिओ असेल तर तो आवर्जून दाखवा. मला तो काढताना अपराधी वाटलं होतं, पण डॉक्टरांनी तो तीनदा मागे नेऊन पाहिला. बायकांमध्ये पाळीच्या आसपास फिट वाढत असतील तर तेही सांगा. अॅडमिशनची तारीख त्यावरून ठरवता येते. हे बोलायला ती लाजत असेल तर तुम्ही बोला.

आता पैशांचं. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक अडकतात. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत 'एक्सक्लूजन कोड ०४' नावाचं कलम असतं: फक्त तपासणीसाठी अॅडमिट झालात तर पैसे नाहीत. व्हिडिओ ईईजी वरवर पाहता अगदी त्यातच बसतो. म्हणून अॅडमिट व्हायच्या आधीच हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरून (विम्याची कागदपत्रं बघतात ती खिडकी) मंजुरी मागवा आणि डॉक्टरांकडून पत्र घ्या. औषधं देखरेखीखाली कमी करावी लागणार आहेत, त्यात मोठी फिट येण्याचा धोका आहे, म्हणून हे ओपीडीत होणार नाही, असं त्यात असायला हवं. आमच्याकडे विमा कंपनीने दोनदा शंका काढून फाइल परत पाठवली. दुसऱ्यांदा या पत्रानेच काम झालं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा विचार असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनीसाला, गाठा, किंवा १५५३८८ वर फोन करा. नुसती तपासणी बसते की पुढचे उपचार, हे तोंडी ऐकून सोडून देऊ नका, कागदावर पाहा.

सुट्टी टाकताना अर्जात पाच दिवस आणि मनात आठ दिवस धरा. फिट काही आपल्या रजेचा हिशोब बघून येत नाही. मुलं असतील तर त्यांची सोय आधी लावा. आमची मुलगी सासूबाईंकडे राहिली. 'आईच्या डोक्याचे फोटो काढणारेत, पाच दिवस' एवढं तिला पुरलं.

कळवण, सिन्नर, धुळ्याकडून येणार असाल तर सोबतच्या माणसांपैकी एकालाच खोलीत थांबता येतं, हे धरून चाला आणि दुसऱ्याची राहण्याची सोय बघून ठेवा. ठक्कर बाजार किंवा महामार्ग बसस्थानकावर उतरलात तर शहर जवळ आहे. नाशिकरोड स्टेशन मात्र लांब पडतं, रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. सिंहस्थाच्या पर्वणीच्या तारखांना अॅडमिशन घेऊच नका.

पिशवीत काय

पुढून बटणं असलेले कपडे. ही एक गोष्ट विसरलात तर पंचाईत होते, कारण तारा लावल्यावर डोक्यातून काहीही घालता-काढता येत नाही. हिने दोन गाऊन आणि माझे जुने दोन शर्ट नेले. थंडीत पुढून उघडणारा स्वेटर आणि पायमोजे. डिसेंबरात नाशिकची पहाट कशी असते ते इथल्यांना सांगायला नको. चालू गोळ्या, त्यांच्या मूळ पाकिटांसकट, आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते. जुन्या एमआरआयची फिल्म किंवा सीडी. मंगळसूत्र, कानातलं घरीच. पत्ते, विणकाम, मासिक, जे करमणुकीचं असेल ते. च्युइंगम, शेंगदाणे, चकली नको. चावताना जबड्याचे स्नायू इतके हलतात की पडद्यावर नुसता चिखल होतो.

आदल्या दिवशी केस शांपूने धुवा. तेल नाही, कंडिशनर नाही. रोज खोबरेल लावणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं नसतं, पण तेलकट डोक्याला तारा चिकटत नाहीत.

पहिला दिवस : तारा

टेक्निशियन टेपने डोकं मोजतो, पेन्सिलने खुणा करतो, एकेक जागा खरखरीत जेलने घासतो आणि पेस्ट लावून तार बसवतो. वरून कॉलोडियन नावाचा द्रव लावतात. त्याचा वास उग्र असतो, डोकं चढतं. आमचं तासभर चाललं. शेवटी सगळं बँडेजमध्ये गुंडाळलं. आरशात बघून ही म्हणाली, "अहो, लग्नात तुम्ही फेटा बांधायला नाही म्हणालात ना? घ्या, आता मीच बांधला."

दुपारी सासूबाई आल्या, वणीच्या गडावरचा अंगारा घेऊन. तो कपाळाला लावायचा तर कपाळावर दोन तारा. टेक्निशियन पोरगा समजूतदार निघाला. "आजी, इथे लावला तर मशीनला कळेल, उशीखाली ठेवा, तिथूनही पोचतो," म्हणाला. अंगारा पाच दिवस उशीखाली राहिला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. अशा वेळी वाद घालू नका. वाद घालायचा तो फक्त एका गोष्टीवर: फिट आल्यावर कांदा, चप्पल हुंगवायची नाही आणि दातांत चमचा घालायचा नाही. भेटायला येणाऱ्यांना हे दारातच सांगा.

भेटायला येणाऱ्यांवरून आठवलं. 'लग्नाआधी सांगितलं होतं का हो?' असं मला बाहेरच्या बाकड्यावर दोघांनी विचारलं. सांगितलं होतं. आणि हिंदू विवाह कायद्यातला एपिलेप्सीचा उल्लेखही १९९९ साली काढून टाकलाय. हे मी त्यांना म्हणालो नाही, चहा पाजून वाटेला लावलं. तुम्हाला म्हणायचं असेल तर माहीत असलेलं बरं.

वाट पाहणं

पहिले छत्तीस तास काहीच झालं नाही. ही खजील झाली. "एरवी कार्यक्रमात येते, आणि आज बोलावलं तर नाही," असं म्हणायला लागली. मग डॉक्टरांनी तिला रात्री जागवायला सांगितलं. तीन वाजेपर्यंत आम्ही रमी खेळलो, त्यात मी रीतसर हरलो. शिवाय दिवसा तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांसमोर दिव्याचा लखलखाट करतात. हे सगळं फिटला आवतण देण्यासाठी.

डोकं तिसऱ्या दिवसापासून खाजायला लागतं. एका लयीत खाजवलं किंवा दात घासले तर आलेखावर फिटसारख्या लाटा उमटतात. म्हणून ती दात घासायला लागली की तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून मोठ्याने सांगा, 'दात घासतेय.' वेडपटासारखं वाटतं, पण रेकॉर्डिंग वाचणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. बाथरूमला जाताना सिस्टरना सांगून, तुमच्यासोबत, आणि आतून कडी न लावता. पलंगाचे कठडे कायम वर.

आणि तुमची झोप. पेशंटला जागवतात, तेव्हा सोबतचा आपोआप जागतो, आणि ज्या दुपारी फिट येते त्या दुपारी तो खुर्चीत घोरत असतो. मेहुण्याला मी एक रात्र आणि एक दुपार वाटून दिली. तुमच्या जागी बसायला येणारा माणूस असा निवडा की ज्याने तिची फिट एकदा तरी पाहिलेली आहे.

फिट येते तेव्हा

तिसऱ्या दिवशी दुपारी चार-सव्वाचारला ही संत्रं सोलत होती. सोलता सोलता हात थांबला. अकरा वर्षांची सवय, मी उडी मारून तिला मिठीत धरलं, खांदे दाबले, "काही नाही, काही नाही" म्हणत राहिलो. संध्याकाळी डॉक्टरांनी ते रेकॉर्डिंग लावलं. पंचेचाळीस सेकंद फक्त माझी पाठ. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "शर्ट छान आलाय तुमचा."

तर नीट लक्षात ठेवा. पहिलं काम, बटण दाबणं. पलंगाजवळ किंवा हातात एक बटण देतात. तिला स्वतःला फिटची चाहूल लागत असेल, म्हणजे पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं किंवा हे आधी घडून गेलंय असं वाटत असेल, तर तिनेच दाबायचं, नाहीतर तुम्ही. फिट नसली तरी चालेल, फुकट दाबलं म्हणून कुणी रागावत नाही. मग चादर पूर्ण बाजूला, रात्र असेल तर दिवा, आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या आड नाही, पलंगाच्या पलीकडच्या बाजूला. जागा पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा. मी दुसऱ्या वेळेसाठी फरशीवर खडूने खूण केली होती.

त्यानंतर बोला. नाव विचारा. एखादा शब्द द्या, 'पेरू' म्हणा, लक्षात ठेव म्हणा. उजवा हात वर कर म्हणा. सिस्टर आल्या की त्याच हे करतील, पण पहिले दहा-पंधरा सेकंद तुमचेच असतात. जे दिसतंय ते मोठ्याने सांगा: 'डावा हात वाकडा झाला, उजव्या हाताने गाऊन चिवडतेय, ओठ चावतेय.' माइक ऐकत असतो. फिट ओसरल्यावर पुन्हा नाव विचारा, दिलेला शब्द विचारा, समोर पेन धरून 'हे काय' विचारा. बोलणं किती वेळाने परत येतं, यावरून फिट मेंदूच्या कुठल्या बाजूची आहे त्याचा अंदाज लागतो.

मोठी फिट असेल तर कुशीवर वळवा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ती तातडीची गोष्ट, पण तिथे तोवर सिस्टर आणि डॉक्टर आलेले असतातच. हाच नियम घरीही, फक्त तिथे १०८ ला फोन तुम्हाला करायचा असतो.

दुसरी फिट चौथ्या दिवशी पहाटे आली. यावेळी मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि बोलत राहिलो. हात तिच्याकडे जात होते, ते खिशात घातले. इतकं अवघड काम मी कारखान्यातही कधी केलेलं नाही. डावा हात वाकडा, उजवा चिवडणारा. संपल्यावर तिने उजव्या हाताने नाक पुसलं. डॉक्टरांना हे नाक पुसणंही महत्त्वाचं वाटलं: टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातल्या, फिटनंतर माणूस बहुतेक वेळा ज्या बाजूने फिट निघाली त्याच बाजूच्या हाताने नाक पुसतो. मी अकरा वर्षं दर ओपीडीत 'दोन्ही हात हलतात' असं सांगत आलो होतो. धरून ठेवणाऱ्या माणसाला दुसरं काय दिसणार.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. फिट एकापाठोपाठ आल्या तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी, मधे सगळं ठीक वाटत असतानाच, माणूस विचित्र बोलायला, संशय घ्यायला लागू शकतो. तो वेडेपणा नाही, तो फिटचाच मागचा धागा असतो आणि त्याला औषध आहे. घरी आल्यावर असं दिसलं तरी लगेच डॉक्टरांना फोन करा.

एपिलेप्सी नाही असं निघालं तर

शेजारच्या खोलीतल्या एका पोरगेल्या बाईचं असं झालं. फिट आल्या, कॅमेऱ्यात दिसल्या, पण त्या वेळी मेंदूचा आलेख शांत. तिचा नवरा बाहेर येऊन म्हणाला, "म्हणजे नाटक करते की काय." नाही हो. मनावरचा ताण शरीरातून असा बाहेर पडतो, त्यावर तिचा ताबा नसतो आणि त्याचे उपचार समुपदेशनाने होतात. हे कळणंही मोठं यश आहे, कारण नाहीतर फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं विनाकारण पोटात जात राहतात. ही बातमी घरी कशी सांगायची ते डॉक्टरांसमोर बसूनच ठरवा. 'नाटक' हा शब्द एकदा घरात शिरला की बाहेर काढणं कठीण.

डिस्चार्जच्या दिवशी मागून घ्यायच्या गोष्टी

नुसता रिपोर्ट घेऊन निघू नका. मूळ रेकॉर्डिंग, निदान फिटचे तुकडे, पेनड्राइव्हवर मागा. पुढे ऑपरेशनच्या सल्ल्यासाठी परळच्या केईएमला किंवा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्राला जायची वेळ आली, तर तिथले डॉक्टर स्वतः बघूनच बोलतात. आम्ही सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादर गाठलं, तो पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात घालून.

गोळ्यांचं नवं वेळापत्रक सिस्टरकडून तुमच्या वहीत लिहून घ्या आणि समोर वाचून दाखवा. मोठ्या फिटसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून देतात का ते विचारा, आणि कसा मारायचा ते तिथेच शिकून घ्या. पहिले काही दिवस गोळ्यांचा असर पुन्हा बसायचा असतो, म्हणून गॅसपाशी एकटीने नाही, बाथरूमला कडी नाही, गोदावरीवर स्नानाला तर नाहीच. गाडी चालवणं बंद. लायसन्सच्या नमुना १ मधल्या पहिल्याच प्रश्नांत एपिलेप्सीबद्दल विचारलेलं असतं, तिथे खोटं लिहू नका. ही स्कूटी चालवायची. आता मी सोडतो, नाहीतर सिटीलिंकची बस. तिला ते अजून पटलेलं नाही, आणि तिचा राग मला कळतो.

केस

तारा काढताना टेक्निशियन अॅसिटोनसारखं काहीतरी लावतो, तरी पेस्ट आणि कॉलोडियनच्या खपल्या केसांत राहतातच. घरी येऊन लगेच शांपू ओतू नका, गुठळ्या आणखी घट्ट होतात. आधी कोमट खोबरेल मुळांशी भरपूर मुरवा, अर्धा-पाऊण तास थांबा, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सोडवत या. नंतर कोमट पाणी आणि शांपू, दोनदा. जिथे तारा होत्या तिथली कातडी लाल आणि हुळहुळी असते, तिथे नख लागू देऊ नका.

हे काम तुम्ही करा. तिचे हात थकलेले असतात, आणि मागची बाजू तिला दिसतही नाही. मी बाथरूमच्या दारात तिला पाटावर बसवलं आणि दोन तास लागले. मधे मुलगी येऊन विचारून गेली, "बाबा, फोटो चांगले आले का?" ही डोळे मिटूनच म्हणाली, "पहिल्यात बाबांची पाठ आली."